व्यायाम आणि आहार तिसऱ्या आठवड्यात बंद पडू नये म्हणून: आधी काय, मग काय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बागेतल्या ट्रॅकवर चालायला जागा नसते. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत पुन्हा नेहमीचीच मंडळी उरतात. गळालेल्यांना आळशी म्हणून मोकळं होता येत नाही. त्यातले बरेच जण ऑफिसात दहा-दहा तास राबतात, वर घर सांभाळतात. गडबड झालेली असते ती क्रमाची. वर्षाची जिम, नवे बूट, भात बंद, साखर बंद, पहाटे पाचचा गजर, असं सगळं एकाच सोमवारी सुरू होतं. हा बेत फक्त चांगल्या दिवशी चालतो. पाहुणे आले, पोरगं तापलं, लोकल रखडली की तो आडवा होतो आणि मग "आता पुढच्या सोमवारपासून".

खालचा क्रम याच्या उलट आहे. आधी वाईट दिवसाची सोय लावायची, मग चांगल्या दिवसाचं काम वाढवायचं. हे सगळं अंगवळणी पडायला तीन महिने धरा. टप्पे गाळू नका, पहिला तर अजिबातच नको. नेमका तोच सगळ्यांना वेळ फुकट घालवणारा वाटतो.

### सुरू करण्याआधी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाचा जुना त्रास, गरोदरपण, गुडघ्याचं ऑपरेशन, यांतलं काही असेल तरी आधी विचारून घ्या. वजन कारण नसताना वाढत असेल, सोबत थकवा, केस गळणं किंवा पाळीची अनियमितता असेल, तर थायरॉइडची तपासणी आधी आणि व्यायामाचं वेळापत्रक नंतर.

ध्येय किती ठेवायचं? आत्ताच्या वजनाच्या 5 टक्के. 78 किलो असाल तर साधारण 4 किलो, आणि तेही तीन-चार महिन्यांत. कॉलेजातलं वजन परत आणायचा विचार सध्या बाजूला ठेवा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यात ध्येय होतं 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. म्हणजे पाच-सात टक्के ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही.

## टप्पा 1: एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा

एक साधी वही घ्या. मोबाइलवरचं ॲप नको. ॲप आपल्या वाटीचा आणि आपल्या आमटीचा अंदाज चुकवतं आणि चौथ्या दिवशी माणूस कंटाळतो. सात दिवस तीनच गोष्टी लिहायच्या: काय आणि साधारण किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्या वेळी भूक होती की नव्हती. शेवटचा रकाना महत्त्वाचा.

लिहिताना हमखास सुटतं ते ताटाबाहेरचं. मुलांच्या ताटलीत उरलेली अर्धी पोळी आणि चार घास भात, "टाकायचं कशाला" म्हणून तोंडात गेलेला. भाजी ढवळताना चाखलेले दोन चमचे. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. संध्याकाळी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या उघडलेला फरसाणाचा डबा. हे लिहिलं नाही तर आठवडा वाया गेला समजा.

चहा कपांवर नाही, चमच्यांवर मोजा. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे जवळजवळ 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. इथे बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत.

याच आठवड्यात कंबर मोजा. शिंप्याची टेप, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय बांध्यासाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. त्याहून सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

तपासा: आठवड्याच्या शेवटी वहीत अशी एक वेळ सापडायला हवी जिथे भूक नसताना तुम्ही रोज खाता. बहुतेकांची ती संध्याकाळी 5 ते 7 किंवा रात्री टीव्हीसमोर असते. ती सापडली नसेल तर अजून तीन दिवस लिहा.

## टप्पा 2: "किमान" ठरवा

सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा चुकवतात, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

किमान म्हणजे ज्या दिवशी सगळं बिघडलंय त्या दिवशीही होईल एवढा व्यायाम. घरातल्या कपड्यांत, बूट न घालता, रात्री साडेदहाला, पाच मिनिटांत. उदाहरणार्थ, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला टेकून दहा जोर. किंवा जेवण झाल्यावर गॅलरीत पाच मिनिटं फेऱ्या. बस्स.

लोक इथे "किमान अर्धा तास" लिहून मोकळे होतात. अर्धा तास हे किमान नाही, तो चांगल्या दिवसाचा बेत झाला. कसोटी अशी लावा: ताप नाही पण डोकं दुखतंय, बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेत, उद्या लवकर निघायचंय. अशा रात्री हे होईल का? "हो, करून टाकू" असं तोंडातून सहज आलं तर किमान बरोबर. "बघू" आलं तर निम्मं करा.

व्यायाम झाला की कॅलेंडरवर त्या दिवसावर फुली मारायची. किमान झालेला दिवसही पूर्ण दिवस धरायचा. कॅलेंडरवर त्याला तीच फुली, तेवढीच मोठी. अर्धी फुली, वेगळा रंग वगैरे हिशेब सुरू केलात की मन लगेच "आज अर्धीच मिळणार, मग राहू दे" म्हणायला लागतं.

पाच मिनिटांनी वजन घटणार का? नाही. ती पाच मिनिटं वजनासाठी नाहीतच. उद्या पुन्हा सुरुवात करावी लागू नये म्हणून ती आहेत.

"21 दिवसांत सवय लागते" हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. सवय आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे: मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही.

लक्षात ठेवा: एक दिवस चुकला तर चुकला. सलग दुसरा चुकवायचा नाही. नियम एवढाच आणि तो घरात कुणालातरी सांगून ठेवा.

## टप्पा 3: घड्याळाची वेळ नको, खुंटी शोधा

"रोज सकाळी सहाला चालेन" हा बेत गजरावर अवलंबून असतो आणि गजर बंद करता येतो. त्याऐवजी दिवसात जे काम तुम्ही कसंही करून करताच, त्याला व्यायाम टांगा. नळाला पाणी येण्याची वेळ, दूध आणणं, मुलाला स्कूलबसपर्यंत सोडणं, स्टेशनवरून घरी येणं, रात्रीची भांडी आवरणं. वाक्य असं बनवायचं: "अमुक झालं की, घरात न शिरता, तमुक."

मुलीला बसमध्ये बसवलं की घरी न येता तसंच बागेला तीन फेऱ्या मारायच्या, हा बेत कागदावर पक्का दिसतो. तो फसतो चप्पलमुळे. सोडायला जाताना पायात चप्पल असते, मग "बूट घालून येते" म्हणून घरी यायचं, घरी गॅसवर दूध असतं, मोबाइल वाजत असतो, आणि संपलं. उपाय एकच. मुलीला सोडायला जातानाच बूट घालून जायचं, ओढणी किंवा पर्स घरी ठेवून. नोकरीवाल्यांचंही तेच: ऑफिसातून घरी येऊन सोफ्यावर बसलात की पुन्हा उठणं कठीण. स्टेशनवरूनच लांबचा रस्ता धरा, नाहीतर घरात शिरल्यावर बसण्याआधी कपडे बदला.

चालण्याचा वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पहिले दोन आठवडे 15 मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत पोहोचायला सहा आठवडे लागले तरी काही बिघडत नाही. पुण्यातली मंडळी पहिल्याच दिवशी पर्वतीच्या पायऱ्या किंवा वेताळ टेकडी गाठतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात. चढ महिनाभराने. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, हेही ध्यानात असू द्या.

पावसाची सोय आत्ताच करा, जूनमध्ये नको. इमारतीचा जिना, पार्किंग, किंवा घरात सूर्यनमस्कार, यांतलं एक ठरवून वहीत लिहा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेचं हेच कोडं असतं. तिथे खुंटी पहाटेची किंवा रात्रीच्या जेवणानंतरचीच हवी.

झोपेचा मुद्दा इथेच संपवतो. सहा तासांपेक्षा कमी झोपून पहाटे पाचला उठू नका. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात गोड-तळलेल्याकडे जातो. पहाटेसाठी झोप कापायचीच असेल तर संध्याकाळची खुंटी बरी.

तपासा: तीन आठवड्यांच्या शेवटी कॅलेंडर बघा. 21 पैकी 16-17 फुल्या असतील तर पुढे चला. 12 पेक्षा कमी असतील तर जिद्द कमी पडली असं समजू नका. खुंटी चुकलीय किंवा किमान मोठं झालंय. ते बदला आणि हाच टप्पा पुन्हा करा.

## टप्पा 4: स्वयंपाकघरात एका वेळी एकच बदल

चालण्याने हाडं-हृदय-झोप सुधारते, पण नुसत्या चालण्यावर वजन फारसं हलत नाही. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालल्यावर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. "आज चाललोय ना" म्हणून येताना खाल्लेला वडापाव पूर्ण चालणं खाऊन वर उरतो.

तरीही आहाराला चौथा नंबर मुद्दाम दिलाय. तीन आठवडे चालल्यावर माणूस आपण होऊन खाण्याकडे बघायला लागतो. पहिल्या दिवशी दोन्ही धरलं तर दोन्ही सुटतं.

खालचे बदल याच क्रमाने, प्रत्येकाला दहा-बारा दिवस द्या.

1. तेल. बुधलीतून किंवा पिशवीतून थेट कढईत तेल ओतणं बंद. कढईशेजारी एक चमचा कायमचा ठेवा. छोटा चमचाभर तेल म्हणजे 40-45 कॅलरी. अंदाजाने ओतलेली "थोडीशी धार" मोजून बघा, बहुतेक घरांत ती वाटते त्याहून बरीच जास्त निघते. चौघांच्या भाजीला तीन छोटे चमचे पुरतात. कांदा चिकटायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारा. घराचा ताळा असा: माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, सगळं तळण धरून. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर तिथेच सुरुवात करा. "सूर्यफुलाचं आहे", "घाण्याचं आहे" याने हा आकडा बदलत नाही. साजूक तुपालाही हीच मोजणी.

घरात स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर हा बदल त्यांच्याशी बोलून करा. सासूबाईंच्या किंवा स्वयंपाकाच्या मावशींच्या हातातली धार "माझं डाएट आहे" म्हणून कमी होत नाही. "आईंच्या बीपीला डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, आपण सगळ्यांचंच चमच्याने घालू" म्हटलं (आणि ते खरं असलं) तर होते.

2. ताट वाढण्याची पद्धत. पानात टाकायचं नाही, हा आपल्यावरचा संस्कार आहे. म्हणून कमी करायचं ते वाढतानाच. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी-फळभाजी, निम्मं ताट भरेल इतकी. मग आमटी-उसळ. पोळी-भाकरी आणि भात शेवटी. भात बंद करू नका. भात खाणाऱ्या माणसाने भात सोडला की तो तीन आठवड्यांनी पातेल्यासकट परत येतो. एक वाटी ठरवा, ती वाटी बदलू नका आणि पातेलं टेबलावर आणू नका. "अजून थोडा घे ना" याला उत्तर आधीच ठरवून ठेवा. "पोट भरलं" म्हटलं की आग्रह वाढतो. "ताक दे अर्धी वाटी" म्हटलं की वाढणाऱ्याचंही समाधान होतं.

3. सकाळी प्रथिनं. नुसते पोहे किंवा उपमा खाल्ला की अकरा वाजता भूक लागते आणि कँटीन आठवतं. पोहे सोडायचे नाहीत; निम्मे करायचे आणि सोबत दोन अंडी, किंवा मोड आलेल्या मटकी-मुगाची वाटीभर उसळ, किंवा मुगाचं धिरडं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस दर किलो वजनाला रोज 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. वरण-भात आणि दोन चहावर जगणारा शाकाहारी माणूस त्याच्या जवळपासही जात नाही. वरणातलं पाणी वाढवून डाळ तेवढीच ठेवण्याची युक्ती इथे अंगाशी येते. वरण जरा घट्ट करा. प्रथिनांची पावडर या टप्प्यावर लागत नाही.

4. संध्याकाळची ती वेळ. पहिल्या आठवड्यात वहीत सापडलेली. डबा घरात असेल तर तो उघडला जातो, इच्छाशक्तीच्या गोष्टी कितीही केल्या तरी. फरसाण किलोवर आणणं थांबवा. हवं तेव्हा पन्नास-शंभर ग्रॅमची पुडी आणा, वाटून संपवा. त्या वेळी खायला काय, हे सकाळीच ठरलेलं हवं: उकडलेले चणे, काकडी-गाजर, ताक, एखादं फळ. मूठभर शेंगदाणे चालतील, पण मूठ एकच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

5. साखर. चहातली साखर एकदम बंद केली की तिसऱ्या दिवशी चहाच नको वाटतो, पाचव्या दिवशी दोन चमच्यांवर परत. आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करा. गूळ किंवा मध घातला तर साखर कमी झाली असं धरू नका. शरीराला तो हिशेब जवळजवळ सारखाच आहे.

इशारा: रात्रीचं जेवण बंद, दिवसभर फळं, नुसतं सूप, सात दिवसांत पाच किलो असल्या योजनांनी काटा लवकर खाली येतो. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. स्नायू आणि यकृतात साखर ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कापलं की ते आधी जातं आणि पहिल्या पोटभर जेवणाला परत येतं.

## टप्पा 5: ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा

सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबा, मगच हे जोडा. वजन घटताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पन्नाशीच्या पुढे ते परत मिळवणं अवघड. त्यामुळे "मला काय बॉडी बनवायचीय?" म्हणून हा टप्पा टाळणाऱ्या काकूंना याची सगळ्यात जास्त गरज असते.

घरच्या घरी: खुर्चीवरून उठबस किंवा बैठका, भिंतीला किंवा ओट्याला टेकून जोर, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि वाणसामानाची भरलेली पिशवी किंचित वाकून, पाठ सरळ ठेवून, कोपर मागे नेत ओढणं. प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळांना जड गेलं पाहिजे. नाही गेलं तर पिशवीत एक किलो वाढवा.

सूर्यनमस्कार चालतील का? चालतील, पण ते संथ घाला आणि चारपासून सुरू करा. रथसप्तमीच्या उत्साहात पहिल्याच दिवशी 108 घालून आठवडाभर खांदे धरून बसणारे दरवर्षी दिसतात. त्यात ओढण्याची हालचाल नसते, म्हणून पिशवी सोडू नका.

जिम लावायची असेल तर आता लावा, आणि एकाच महिन्याची. "वर्षाचे घेतले तर निम्म्यात" हे गणित रोज येणाऱ्यासाठी खरं असतं. घरापासून किंवा ऑफिसच्या वाटेवर दहा मिनिटांच्या आतली जिम, मशीन कमी असली तरी, चकचकीत पण लांबच्या जिमपेक्षा बरी.

थांबा: छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम लागणं, चक्कर, यांतलं काही झालं तर "गॅस असेल" म्हणत व्यायाम पूर्ण करू नका. लगेच दवाखान्यात.

## टप्पा 6: वजन मोजण्याची रीत

काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. आठवड्यातून तीन दिवस मोजा आणि तिघांची सरासरी काढा. तुलना सरासरीची सरासरीशी. सोमवारच्या आकड्याची मंगळवारच्या आकड्याशी नाही. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीचे दिवस, एवढ्याने काटा एक-दोन किलो वर जातो. बायकांनी या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चाललंय. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, त्यामुळे अर्धा किलोसाठी रोज पाचशेच्या आसपास तूट लागते. त्याहून वेगाने जायचा हट्ट धरला की ताट एवढं लहान होतं की ते टिकत नाही.

चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर आधी कंबर मोजा. कंबर कमी होत असेल तर काही बदलू नका. तीही तिथेच असेल तर टप्पा 1 ची वही पुन्हा पाच दिवस लिहा. तेलाची धार परत आलेली असते, वाटी बदललेली असते, किंवा रविवारचा बाहेरचा बेत शनिवारपासून सुरू झालेला असतो. वही स्वच्छ निघाली तरच चालणं दहा मिनिटांनी वाढवा किंवा एक पोळी कमी करा. दोन्ही एकदम नको.

## टप्पा 7: उपास, सण आणि लग्नं

आपलं वर्ष सरळ रेषेत जात नाही. श्रावण, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मग हुरडा, लग्नसराई, आणि जरा श्वास घेतो तोच आमरस. "सण संपले की सुरू करू" म्हणणाऱ्याला महिना सापडत नाही.

उपास. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. मोठी बशीभर खिचडी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते, आणि तासाभरात वेफर्स. उपास करायचा तर खिचडी एक वाटी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. दुसऱ्या वेळेला उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, दही, फळ. भगर हलकी म्हणतात, पण कॅलरीत ती भाताच्याच रांगेतली. तिलाही तीच ठरलेली वाटी. नवरात्राचे नऊ दिवस उपास असेल तर त्या काळात ध्येय वजन जागेवर ठेवण्याचं, घटवण्याचं नाही.

दिवाळी. फराळ बंद ही प्रतिज्ञा वसुबारसेला करतात आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्या झाल्या मोडतात. त्यापेक्षा दिवसातून एकदा, बसून, एका छोट्या ताटलीत, आवडेल ते. डब्यातून उभ्या उभ्या काही नाही. कुणाकडे गेलात तर तिथली ताटली हीच त्या दिवसाची ताटली. चालणं किमानावर आणा, पण बंद नको. किल्ल्याची माती आणणं आणि घर झाडणं ही फुली धरायची नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका. दोन किलो वाढलेले दिसतील आणि मन खट्टू होईल. खरोखर दोन किलो चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर पंधरा हजारांवर कॅलरी जास्तीच्या जायला हव्यात. चार-पाच दिवसांत ते सहसा होत नाही. मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न यांचा तो आकडा. आठवडाभर नेहमीचं जेवून मग मोजा.

लग्न. पंगत असो वा बुफे, आधी एक चक्कर मारून काय काय आहे ते बघा, मग ताट उचला. गोड एक, तळलेलं एक. आणि उपाशी जाऊ नका. दुपारी "रात्री लग्न आहे" म्हणून न जेवलेला माणूस स्टार्टर्सच्या टेबलाशीच दोन जेवणं करतो.

## टप्पा 8: खंड पडला तर परत कसं जोडायचं

खंड पडणारच. किती दिवसांचा पडला त्यावर परतीची रीत ठरते.

दोन-तीन दिवस: काही करू नका, आज किमान करा, उद्या नेहमीचं. भरपाई म्हणून दुप्पट चालणं किंवा एक वेळ उपाशी राहणं नको. त्यातूनच रात्री फ्रिज उघडला जातो.

एक-दोन आठवडे: चार दिवस फक्त किमान, मग जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्यापासून. पिशवीतलं वजनही निम्मं.

महिना-दीड महिना: टप्पा 2 वर या. टप्पा 1 पुन्हा करायची गरज नाही, पण खुंटी तपासा. नोकरीची वेळ बदलली, मुलीची शाळा बदलली, घर बदललं की जुनी खुंटी गेलेली असते आणि आपण उगाच स्वतःला दोष देत बसतो. काटा पहिल्या दहा दिवसांत बाहेर काढू नका.

आजारपणाचा खंड वेगळा. साध्या सर्दीत किमान चालतं. ताप असेल तर तेही नको. डेंग्यूनंतर अशक्तपणा बरेच दिवस राहतो, चिकुनगुनियानंतर सांधे आठवडे, कधी महिने दुखतात. अशा वेळी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बैठका आणि चढ टाळा, घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चाला, आणि जेवण कमी करण्याऐवजी त्यातली डाळ, अंडी, दही वाढवा. कॅलेंडरवर ते दिवस आडवी रेघ मारून आधीच वगळून टाका, म्हणजे परत आल्यावर रिकाम्या चौकोनांकडे बघत बसावं लागत नाही.